घरातला पहिला रिचार्ज आजीचा

बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गावांना महाराष्ट्र परका नाही. बाघ, वैनगंगा आणि बावनथडी या नद्यांनी दोन राज्यांची हद्द आखली असली, तरी सोयरिकी काही हद्द विचारून होत नाहीत. लांजी-किरनापूरच्या लेकी आमगाव, सालेकसा, गोंदियाकडे दिलेल्या असतात. खैरलांजीकडचे जावई तिरोड्याचे निघतात. कटंगी-तिरोडीच्या कित्येक घरांचे निम्मे नातलग तुमसरकडे असतात. दवाखान्यासाठी, बाजारासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी माणसे सकाळी पलीकडे जातात आणि दिवेलागणीला परत येतात. घरात मराठी, झाडीबोली किंवा पोवारी; शाळेत, तहसिलीत आणि बँकेत हिंदी, अशी आपली रोजची वाटणी आहे.

या वाटणीत मराठीला जी जागा उरली, तिचा मोठा हिस्सा आज मोबाईलवर आहे. सासरी गेलेली मुलगी आईशी बोलते ती मराठीत आणि फोनवर. हैदराबादला किंवा नागपूरला कामाला गेलेला मुलगा बापाला खुशाली कळवतो, तीही मराठीत आणि फोनवर. म्हणून कोणता फोन घ्यावा, कोणाचे सिम घालावे आणि कोणता रिचार्ज मारावा, या प्रश्नांत आपल्या सीमेवर खिशाबरोबर भाषेचाही हिशेब येतो.

हा हिशेब आपण कसा करतो ते पाहण्यासारखे आहे. घरात चार फोन असतील तर पैसे आधी कोणाच्या फोनवर पडतात? बहुतेक घरांत ते मुलाच्या फोनवर पडतात, कारण त्याला रोजचा डेटा हवा असतो. त्यानंतर कमावत्या माणसाचा नंबर लागतो. आजीच्या बटणाच्या फोनची मुदत संपून पंधरा दिवस झालेले असतात आणि "तिला कोण फोन करते?" असे म्हणून तो विषय संपवला जातो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. घरातला पहिला रिचार्ज आजीचा झाला पाहिजे. तो का, आणि घरखर्चात तो कसा बसवावा, हे पुढे मांडले आहे.

सर्कलची रेघ

आधी थोडा इतिहास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान होते. पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. मराठी माणसे होती तिथेच राहिली, कचेरीची भाषा तेवढी बदलली.

पुढे मोबाईल आला. देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात झाला. कंपन्यांना परवाने देण्यासाठी सरकारने देशाची परिमंडळे पाडली. लोक त्यांना सर्कल म्हणतात. बालाघाट मध्य प्रदेश सर्कलमध्ये आला आणि नदीपलीकडचा गोंदिया महाराष्ट्र सर्कलमध्ये. ही रेघ धंद्याच्या सोयीची आहे, भाषेशी किंवा राज्याशी तिचा मेळ बसलाच पाहिजे असे नाही. २००० साली छत्तीसगड वेगळे राज्य झाले, तरी मोबाईलच्या नकाशावर ते आजही मध्य प्रदेशाबरोबरच आहे. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे आणि मुंबई शहर त्याच महाराष्ट्रातून वेगळे काढलेले आहे.

या रेघेचे पैसे सीमेवरच्या माणसाने बरीच वर्षे मोजले. बाघ नदीकाठच्या गावात फोनने पलीकडचा टॉवर पकडला, की माणूस स्वतःच्या अंगणात बसून रोमिंगवर जात असे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ जुलै २०१३ पासून रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलचा कमाल दर मिनिटाला ७५ पैसे ठरवला आणि १ मे २०१५ पासून तो ४५ पैशांवर आणला. त्याच वर्षी १५ जूनपासून बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले ते रोमिंगचा आकार न लावताच. १ एप्रिल २०१७ पासून एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनीही देशातल्या रोमिंगचे वेगळे पैसे घेणे थांबवले. ३ जुलै २०१५ पासून आपला नंबर न बदलता देशातल्या कोणत्याही सर्कलमध्ये जाण्याची सोयही झाली.

म्हणजे पैशाच्या बाबतीत ही रेघ आता पुसली गेली आहे. तरीही अनेकांच्या मनात जुनी धास्ती आहे. काही फोनांमध्ये डेटा रोमिंग बंद करून ठेवलेले असते. त्यामुळे पलीकडचा टॉवर पकडला की नेट थांबते आणि दोष कंपनीला दिला जातो. नेहमीच्या अमर्यादित योजनांत देशातल्या देशात त्याचे जादा पैसे लागत नाहीत. सीमेवरच्या माणसाने ते खुशाल चालू ठेवावे.

रेंज आधी, जाहिरात नंतर

सिम निवडताना पहिली कसोटी एकच आहे. तुमच्या घरात, मागच्या खोलीत, दार लावून कोणाची रेंज येते? चौकात येते ती नव्हे आणि शेजारच्या मोठ्या गावात येते तीही नव्हे. ट्रायच्या सूचनेनुसार कंपन्यांनी २०२५ पासून आपापले रेंजचे नकाशे संकेतस्थळावर दिले आहेत. ते जरूर पाहावेत. पण नकाशात कौलारू घर, बांबूचे बन आणि टेकडीची आड नीट दिसत नाही. चांगला उपाय हा की पाहुण्याचे किंवा शेजाऱ्याचे सिम आपल्या फोनमध्ये घालून एक दिवस पाहावे. सकाळी आणि रात्री आठनंतर असे दोन्ही वेळा पाहावे, कारण रात्री साऱ्या गावाचा भार टॉवरवर पडतो. दांड्या पूर्ण दिसूनही नेट चालत नाही ते बहुधा या भारामुळे.

जंगलपट्टीच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि झाडी-भिंतींतून जास्त चांगल्या पार होतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने बीएसएनएलला ज्या लहरी दिल्या, त्यांत ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी आहेत. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटन झाले. तुमच्या भागात हा टॉवर सुरू असेल आणि तुम्ही बीएसएनएलचे सिम घेणार असाल, तर फोनमध्ये "बँड २८" आहे काय हे दुकानदाराला विचारा. हा बँड नसलेल्या फोनला ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी पकडता येत नाहीत.

अडीअडचणीच्या कॉलबाबत सीमेवर वेगळी सावधगिरी लागते. ११२ हा नंबर लावला की कॉल ज्या टॉवरवरून जातो, त्याप्रमाणे नियंत्रण कक्ष लागतो. बाघ किंवा बावनथडीच्या काठावरून केलेला कॉल पलीकडच्या राज्यात जाऊ शकतो. म्हणून घाबरलेल्या माणसानेही आधी "जिल्हा बालाघाट, मध्य प्रदेश" हे शब्द बोलावेत, मग तहसील आणि गाव, आणि त्यानंतर काय झाले ते सांगावे. हे वाक्य घरातल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना पाठ करून ठेवा.

फोन कोणता घ्यावा

आजीला बटणाचा फोन बरा वाटतो, आणि त्यात काही गैर नाही. मात्र बटणाचे सारे फोन एकसारखे नसतात. जिओचे जाळे फोर-जी आणि त्यापुढचे आहे, टू-जी त्यात नाही. जुना टू-जी फोन घेऊन त्यात जिओचे सिम घातले तर तो चालणार नाही. अशा वेळी फोर-जीचा बटणाचा फोन घ्यावा लागतो किंवा टू-जी अजून चालवणाऱ्या कंपनीचे सिम घ्यावे लागते. यांपैकी दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याने गावात त्या कंपनीची टू-जी रेंज आहे, हे आधी पाहून घ्यावे.

आता भाषेचे. भारतीय मानक ब्यूरोने २०१६ मध्ये मोबाईल फोनसाठी आयएस १६३३३, भाग ३ हे मानक काढले. त्यानुसार फोनवर २२ अनुसूचित भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे. पण लिहिण्याची सोय हिंदी, इंग्रजी आणि आणखी एका भारतीय भाषेत असली की पुरते. ती आणखी एक भाषा कंपनी ठरवते. म्हणजे बटणाच्या फोनवर मराठी वाचता येईल याची हमी आहे, लिहिता येईल याची नाही. बालाघाटच्या किंवा वारासिवनीच्या दुकानातून फोन घेताना ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण देवनागरी दिसली की आपले काम झाले असे वाटते.

म्हणून दुकानातच एक परीक्षा घ्या. "शाळेच्या दुसऱ्या दिवशी बाळू आला" एवढे वाक्य लिहून दाखवायला सांगा. "ळ" सापडत नसेल, "दुसऱ्या"मधला "ऱ्य" उमटत नसेल, तर तो फोन मराठी लिहिण्यासाठी नाही. हिंदीच्या कळफलकावर काम भागवणाऱ्याची "शाळा" हळूहळू "शाला" होते. हा दोष लिहिणाऱ्याचा मानला जातो, प्रत्यक्षात अक्षरच त्याच्या हाताशी नसते.

स्मार्टफोनवर ही अडचण नाही. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून संपूर्ण फोन मराठीत करता येतो. गुगलच्या कळफलकात मराठी निवडता येते आणि ऑगस्ट २०१७ पासून मराठीत बोलून लिहिण्याची सोयही आहे. ही शेवटची सोय आपल्या मुलांसाठी फार महत्त्वाची आहे. हिंदी माध्यमात शिकलेला मुलगा घरी अस्खलित मराठी बोलतो, पण चार ओळी लिहायला सांगितल्या तर अडखळतो. त्याने बोलावे, फोनने लिहावे आणि त्याने ते वाचून दुरुस्त करावे. रोज चार ओळी जरी अशा झाल्या, तरी वर्षभरात लिहिण्याची भीती जाईल. त्यासाठी महागडा फोन लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन हिंदीच्या जोडीला मराठी कळफलक तेवढा घालावा लागतो.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

आता रिचार्जकडे वळू. बहुतेकांचा पॅक २८ दिवसांचा असतो. वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांचे रिचार्ज वर्षात तेरा होतात. ही तेरावी पावती कोणाच्या हिशेबात नसते. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवी होणारी ठेवावी. अशी योजना दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही, ती मागावी लागते.

एकेकाळी "लाईफटाईम" सिम घेतले की येणारे कॉल जन्मभर मोफत, असे सांगितले जात होते. २०१८ च्या अखेरीस ते संपले आणि येणारे कॉल चालू ठेवण्यासाठीही २८ दिवसांना ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा झाला. तिथून दर चढत गेले. जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेलची २८ दिवसांची १७९ रुपयांची योजना १९९ रुपयांची झाली. या दराने वर्षाच्या तेरा रिचार्जचे २,५८७ रुपये होतात. घरात असे चार फोन असतील तर दहा हजारांवर रुपये निव्वळ रिचार्जला जातात. धानाच्या पट्ट्यातल्या लहान शेतकऱ्याला ही रक्कम थोडी नाही.

अशा वेळी काटछाट होते ती आजीच्या फोनवर. तिला नेट लागत नाही, मग नेटसह येणारा पॅक कशाला मारायचा, हा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर उशिरा का होईना, आले आहे. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियम दुरुस्त करून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेली योजना देणे बंधनकारक केले आणि अशा योजनेची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये अशा योजना बाजारात आल्या. एअरटेलने त्या वेळी वर्षभराच्या अमर्यादित कॉलची आणि ३,६०० एसएमएसची योजना १,८४९ रुपयांना दिली. २८ दिवसांच्या तेरा रिचार्जशी तुलना केली, तर एका फोनमागे ७३८ रुपयांचा फरक पडला. भाव पुढेमागे होत असतात, म्हणून ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीचा भाव सगळ्या कंपन्यांचा विचारा. पण मागणी मात्र नेमकी करा: "नेट नको, नुसत्या बोलण्याचा, वर्षभराचा पॅक सांगा."

पीक विकून हातात पैसे येतात तेव्हा हा रिचार्ज एकदाच करून टाकावा. मग वर्षभर आजीच्या फोनची चिंता नाही, आणि वर्षभर तिची मुलगी, तिची बहीण आणि तिचे भाचे तिला फोन करू शकतात.

मुदत संपली की काय तुटते

२०२० च्या मे महिन्यात हैदराबादहून निघालेला एक मजूर गरोदर बायकोला आणि लहान मुलीला लाकडी गाड्यावर बसवून, तो गाडा ओढत राजेगावच्या हद्दीवर पोहोचला. ते चित्र साऱ्या देशाने पाहिले. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्याची किती माणसे वाटेवर होती, ते आपल्याला ठाऊक आहे. वाटेवरच्या माणसाचा आणि घरच्यांचा एकमेव दुवा फोन होता, आणि रिचार्जची दुकाने बंद होती. मार्चअखेरीस ट्रायने कंपन्यांना मुदत वाढवण्यास सांगितले. त्यानंतर कंपन्यांनी गरीब ग्राहकांची मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत वाढवून दिली आणि १० रुपयांचा टॉकटाईम दिला. मुदत ही केवढी मोलाची वस्तू आहे, हे तेव्हा दिसले.

मुदत संपल्यावर आधी जाणारा कॉल थांबतो आणि पुढे येणारा कॉलही थांबतो. फार दिवस सिम वापरलेच नाही तर नंबर बंद होतो. ट्रायच्या नियमाप्रमाणे ९० दिवस काहीच वापर नसेल तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो, आणि खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून घेऊन नंबर पुढचे ३० दिवस राखला जातो. ज्यांच्याकडे एक सिम इकडचे आणि एक गोंदियाकडचे आहे, त्यांनी दुसऱ्या सिममध्ये थोडी शिल्लक ठेवून त्यावरून अधूनमधून एक कॉल करावा. नंबर राखण्याचा हा स्वस्त मार्ग आहे. मात्र तेवढ्यावर येणारे कॉल आणि ओटीपी चालू राहतीलच असे धरू नये. बँक, आधार, समग्र आयडी आणि लाडली बहना यांच्याशी जोडलेला नंबर नेहमी मुदतीत असलेल्या सिमचाच हवा. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, आणि मग तुमचे निरोप त्याच्याकडे जातात.

नंबर महाराष्ट्राचा घ्यावा की मध्य प्रदेशाचा, असेही विचारले जाते. बोलण्याच्या दरात आता फरक नाही. पण सिम हरवले तर नवे सिम सहसा मूळ सर्कलच्या दुकानातच मिळते. म्हणून जिथे राहता तिथला नंबर मुख्य ठेवावा. कंपनी बदलायची असेल तर १९०० वर "पोर्ट" हा इंग्रजी शब्द आणि नंबर असा एसएमएस केला की कोड येतो, आणि नंबर तोच राहतो.

मराठीला डेटा किती लागतो?

विद्यार्थ्यांना आणि कमावत्यांना डेटा हवाच. तो किती, हे मोजून घ्यावे. मराठीतले हजार अक्षरांचे पत्र इंटरनेटवरून पाठवले तर साधारण तीन केबी होते. एका जीबीत अशी तीन लाखांहून जास्त पत्रे जातील. मिनिटभराचा आवाजी निरोप साधारण शंभर-दीडशे केबीचा असतो. याउलट मध्यम प्रतीचा व्हिडिओ तासभर पाहिला तर अर्धा जीबी सहज संपतो. याचा अर्थ सरळ आहे. आपले आपसातले बोलणे, लिहिणे आणि वाचणे फार थोड्या डेटात होते. रोजचा दीड-दोन जीबी संपतो तो आपण न मागितलेल्या आणि बहुतेक हिंदीत असलेल्या व्हिडिओंवर. हिंदीशी आपले वैर नाही, ती आपल्या पोटापाण्याची भाषा आहे. पण आजीचा रिचार्ज थांबवून तिच्या वाट्याचे पैसे या व्हिडिओंवर जात असतील, तर घरातल्या कर्त्याने विचार करायला हवा.

त्याच डेटात मराठीचे बरेच काही बसते. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर मराठी केंद्रे ऐकता येतात आणि रेडिओला व्हिडिओच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, बालभारतीची पुस्तके उतरवून घेता येतात. एकदा उतरवलेले पुस्तक वाचायला पुन्हा डेटा लागत नाही.

साध्या एसएमएसचे गणित मात्र वेगळे आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०. मराठीत लिहिलेला लांब निरोप दोन-तीन एसएमएसचा धरला जातो. म्हणून अनेक जण मराठी निरोप इंग्रजी अक्षरांत लिहू लागले आणि ती सवय स्वस्त इंटरनेट आल्यावरही राहिली. आता ती सोडायला हरकत नाही. व्हॉट्सॲपवर देवनागरीला जादा पैसे पडत नाहीत.

आवाजी निरोपाचे महत्त्व तर वेगळेच आहे. झाडीबोली आणि पोवारी शब्दकोशात थोडी आणि तोंडात जास्त असते. कळफलक तिचे शब्द ओळखत नाही, उलट "सुधारून" भलतेच लिहितो. जनगणनेतही पोवारी हिंदीच्या गटात मोजली जाते. आवाजी निरोपात मात्र बोली आहे तशी जाते. आजीने सांगितलेली पाककृती, लग्नातले गाणे, नात्याची उजळणी, शेतीचा सल्ला हे सारे तिच्या आवाजात जपून ठेवता येते.

कंपन्यांकडे आणि सरकारकडे

आपण एवढे केले तरी काही गोष्टी कंपन्यांनीच करायला हव्यात. आज ग्राहक सेवेच्या भाषा सर्कल पाहून ठरतात. त्या ग्राहक पाहून ठरल्या पाहिजेत. गोंदियाच्या ग्राहकाला मराठीत उत्तर देणारी यंत्रणा कंपनीकडे तयार आहे. बाघ नदीच्या अलीकडच्या माणसाने मराठी निवडली तर तोच कॉल तिकडे वळवणे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. रोमिंगची रेघ पुसता आली, नंबर सर्कलपार नेता आला, मग भाषाच तेवढी सर्कलमध्ये अडकून का राहावी? नंबरबरोबर ग्राहकाची भाषाही नोंदवली जावी आणि मुदत संपण्याची सूचना त्या भाषेत यावी, एवढी साधी ही मागणी आहे. ज्या आजीला सूचना वाचता येत नाही, तिच्या दृष्टीने ती सूचना आलेलीच नसते.

ही मागणी कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. केंद्राच्या दूरसंचार खात्याकडे मराठीत अर्ज करता येतो. केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जाचा सीमेवरच्या गावाला काही उपयोग व्हायचा असेल, तर अशा रोजच्या कामांतून व्हावा.

कंपन्या आणि खाती ऐकतील तेव्हा ऐकतील. घरातला निर्णय आपल्या हातात आहे, आणि तो येत्या रिचार्जलाच घेता येईल. आजीच्या फोनमध्ये कोणाची रेंज येते ते पाहा. तिच्यासाठी नुसत्या बोलण्याचा वर्षाचा पॅक मागा. मुलाच्या फोनमध्ये मराठी कळफलक घाला. नातलगांची नावे देवनागरीत जतन करा. दर आठवड्याला एकदा मुलाकडून पलीकडच्या मामाला किंवा आत्याला मराठीत चार ओळी लिहवून घ्या. आणि पैसे कमी पडत असतील तर आधी आजीचा रिचार्ज करा, मग मुलाचा. मुलाला मराठी कोणाकडून मिळते आहे, हे त्यालाही कधीतरी कळेल.